जगाचे औषधालय आणि उसनी कुपी

केंद्रातील एका मंत्रालयात आर्थिक सल्लागार म्हणून काम करीत असताना एका सार्वजनिक संशोधन संस्थेची नस्ती माझ्यासमोर आली होती. मागणी किरकोळ होती. एका प्रकल्पातील उपकरणांसाठीचा थोडा निधी ‘उपभोग्य साहित्य’ या शीर्षाखाली वळवायचा होता, कारण एक विशिष्ट विकर, म्हणजे एन्झाइम, परदेशातून पुन्हा मागवायचे होते. जुन्या कागदांवर नजर टाकली तेव्हा दिसले, की तेच विकर, त्याच पुरवठादाराकडून, चारच महिन्यांपूर्वी खरेदी झालेले आहे. मी समासात टिपणी लिहिली : ‘एकच वस्तू दुसऱ्यांदा का खरेदी करावी लागते, याचा खुलासा करावा.’ नस्ती परत गेली. खुलासा पाच आठवड्यांनी आला. त्याचा आशय एका ओळीचा होता : पहिली कुपी विमानतळावर अडकली, तिच्याभोवतीचा कोरडा बर्फ संपला आणि हाती आली तेव्हा ती गरम होती.

त्या कुपीत १०० मायक्रोग्रॅम प्रथिन होते. म्हणजे मिठाच्या एक-दोन कणांइतके. मी मंजुरी दिली. पण त्या पाच आठवड्यांत संबंधित शोधछात्राचे काम थांबलेले होते, हे माझ्या टिपणीत कुठेच नोंदले गेले नाही. नियमाप्रमाणे माझा प्रश्न रास्त होता. आज मागे वळून पाहताना वाटते, की तो चुकीच्या माणसाला विचारलेला रास्त प्रश्न होता. ही वस्तू दुसऱ्यांदा का खरेदी करावी लागते, याऐवजी ती पहिल्यांदा तरी सातासमुद्रापलीकडून का आणावी लागते, असे मी विचारायला हवे होते. आणि तो प्रश्न संस्थेला नव्हे, माझ्याच मंत्रालयाला विचारायला हवा होता.

फॉस्फेटची पहिली पायरी

त्या विकराचे नाव डीऑक्सिसायटिडीन कायनेज. मी इतिहासाचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरता. निवृत्तीनंतर मात्र ही कुपी नेमकी कशासाठी लागते, हे मी जाणकारांकडून समजून घेतले. ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण धोरणाचा सारा प्रश्न या तपशिलातच दडलेला आहे.

आपल्या पेशींतील डीएनए ज्या घटकांपासून बनतो, त्यांचे मूळ रूप म्हणजे न्यूक्लिओसाइड : एक शर्करा आणि तिला जोडलेला एक क्षारक. या न्यूक्लिओसाइडला एकापाठोपाठ एक असे तीन फॉस्फेट जोडले गेले, की मगच पेशी त्याचा डीएनएच्या साखळीत वापर करू शकते. फॉस्फेट जोडण्याचे हे काम करणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात. कर्करोगावरील आणि विषाणूंवरील अनेक औषधे ही याच न्यूक्लिओसाइडची हुबेहूब दिसणारी, पण किंचित बदललेली रूपे आहेत. पेशी फसते, त्यांना खरे घटक समजून साखळीत गुंफते आणि साखळी तिथेच तुटते किंवा थांबते.

अडचण अशी, की फॉस्फेट जोडलेला रेणू विद्युतभारित असतो आणि पेशीच्या आवरणातून तो सहजी आत शिरत नाही. म्हणून औषध फॉस्फेटविना द्यावे लागते आणि आत गेल्यावर पेशीतल्याच कायनेजने त्याला फॉस्फेट जोडावा, यावर भरवसा ठेवावा लागतो. रक्ताच्या कर्करोगावरील सायटाराबिन, स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील जेमसिटाबिन, एड्सवरील लॅमिव्हुडिन या साऱ्यांना पहिला फॉस्फेट जोडणारे विकर एकच : डीऑक्सिसायटिडीन कायनेज. ते नसेल, तर रुग्णाच्या शरीरात औषध असूनही नसल्यासारखे. नागीण आणि तत्सम विषाणूंवरील असायक्लोव्हिरचे यश याच तत्त्वावर उभे आहे. त्याला पहिला फॉस्फेट जोडण्याचे काम विषाणूचे स्वतःचे कायनेज करते, त्यामुळे निरोगी पेशी बव्हंशी वाचतात. त्या संशोधनामागील गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा नव्या रेणूचे औषध होईल की नाही, याची एक पहिली परीक्षा म्हणजे तो रेणू आणि मानवी कायनेज यांना परीक्षानळीत एकत्र आणणे. त्यासाठी शुद्ध मानवी विकर हवे. ते माणसाच्या शरीरातून काढण्याची आज गरज उरलेली नाही. त्याचा आराखडा असलेले जनुक १९९१ मध्ये वेगळे करण्यात आले, २००३ मध्ये विकराची त्रिमितीय रचनाही उलगडली. अवघ्या २६० अमिनो आम्लांचे हे प्रथिन आहे. त्याचे जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालायचे, जिवाणू वाढवायचे, पेशी फोडायच्या आणि प्रथिन गाळून शुद्ध करायचे. पुनःसंयोजित विकर म्हणतात ते हेच. जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला शिकवले जाणारे हे तंत्र आहे.

शिकवले जाते, तरीही आपण ते आयात करतो. ही विसंगती हाच या लेखाचा विषय आहे.

दोन भारतीय, दोन परदेशी प्रयोगशाळा

इतिहासाने या विसंगतीला आणखी एक बोचरी किनार दिली आहे. कायनेज जो फॉस्फेट जोडते, तो बहुतेक वेळा एटीपी या रेणूकडून घेते. हा रेणू १९२९ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडला. जर्मनीत कार्ल लोहमान यांना आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातील भीमावरमचे. त्याआधी १९२५ मध्ये फिस्के आणि सुब्बाराव यांनी फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत दिली, ती त्यांच्याच नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत शिकवली गेली. सुब्बाराव भारतात परतले नाहीत.

दुसरे नाव हरगोबिंद खुराना यांचे. उच्च शिक्षण घेऊन ते १९४९ मध्ये स्वतंत्र भारतात आले. पण त्यांना साजेशी नोकरी मिळाली नाही आणि ते केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्याकडे गेले. न्यूक्लिओटाइड, म्हणजे फॉस्फेट जोडलेले न्यूक्लिओसाइड, हाच टॉड यांचा विषय. पुढे १९६८ मध्ये खुराना नोबेलचे मानकरी ठरले आणि १९७० मध्ये त्यांच्या चमूने एक संपूर्ण जनुक कृत्रिमरीत्या घडवल्याचे जाहीर केले. त्या कामात डीएनएचे छोटे तुकडे जोडण्याआधी त्यांच्या टोकांना फॉस्फेट बसवावा लागे, आणि तो बसवणारे विकरही एक कायनेजच होते.

फॉस्फेटच्या विज्ञानात अशी दोन नावे देणाऱ्या देशाने फॉस्फेट जोडणाऱ्या विकरासाठी विमानतळावर ताटकळावे, याची खंत केवळ भावनिक नाही. दोघांनाही इथे बुद्धी कमी पडली नव्हती. त्यांना हवी ती प्रयोगशाळा, हवे ते साहित्य आणि हवा तो वेळ इथे मिळण्याची शक्यता कमी होती. आज वेतने सुधारली, इमारती उभ्या राहिल्या, उपकरणेही आली. साहित्य आणि वेळ यांचे गणित मात्र अजून जुळलेले नाही.

एका अपयशी रेणूची किंमत

यावर सहज आक्षेप येईल : औषधे तर आपण बनवतोच, मग इवल्याशा कुपीचे एवढे काय? आक्षेप बिनबुडाचा नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरील मक्तेदारी नाकारली, केवळ प्रक्रियेला पेटंट दिले आणि त्यातून भारतीय औषध उद्योग उभा राहिला. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ने एड्सवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पाश्चात्त्य बाजारात त्यासाठी तेव्हा दहा हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत. आफ्रिकेतील लाखो जीव त्यानंतर वाचले. त्या तीन औषधांपैकी स्टॅव्हुडिन आणि लॅमिव्हुडिन ही दोन न्यूक्लिओसाइड वर्गातील, म्हणजे मानवी कायनेजच्या भरवशावर चालणारी. ती मुबलक व स्वस्त बनवणे हा आपला पराक्रम होता. ती चालतात, हे मात्र इतरांनी शोधलेले होते.

यातला फरक किती महागडा असतो, हे सोफोसबुव्हिरच्या कहाणीतून कळते. हेपटायटिस-सी या यकृतरोगाच्या विषाणूवर अमेरिकेतील एक लहान कंपनी काम करीत होती. तिच्या हाती एक न्यूक्लिओसाइड होते, ज्याला मानवी डीऑक्सिसायटिडीन कायनेज पहिला फॉस्फेट जोडते, असे शुद्ध विकरांवरील प्रयोगांत दिसले. त्याचेच पेशीत तयार होणारे दुसरे रूप विषाणूला अधिक काळ रोखून धरी. पण ते दुसरे रूप थेट पेशींना दिले, तर काहीच घडत नसे. वरवर पाहता तो रेणू अपयशी होता. कारण एवढेच, की पहिला फॉस्फेट त्याला कोणतेच कायनेज नीट जोडत नव्हते. पुढचे दोन सहज जोडले जात. अडथळा नेमका कोणत्या पायरीवर आहे, हे कळल्यावर शास्त्रज्ञांनी पहिला फॉस्फेट प्रयोगशाळेतच जोडला आणि तो पेशीत शिरेपर्यंत झाकून ठेवण्याची युक्ती केली. ती युक्ती वेल्समधील कार्डिफच्या ख्रिस मॅकग्विगन यांनी विकसित केलेल्या पद्धतीवर आधारलेली होती. त्यातून सोफोसबुव्हिर आले.

ती लहान कंपनी ‘गिलियड’ने २०११ मध्ये सुमारे ११ अब्ज डॉलरला घेतली. डिसेंबर २०१३ मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत होती ८४ हजार डॉलर. पुढच्या वर्षी सात भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले आणि अल्पावधीत त्याची किंमत त्याच्या अंशमात्र झाली. पुन्हा तेच. ज्ञान तिकडचे, निर्मिती इकडची. परवाना कोणाला द्यायचा, कोणत्या देशात विकू द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकारही तिकडचा. २००५ पासून आपणही रेणूवरील पेटंट मान्य केले असल्याने, जुन्या वाटेने चालत राहण्याची सोय आता फारशी उरलेली नाही.

आणि काही प्रश्न असे आहेत, जे परदेशी कंपन्या आपल्यासाठी सोडवणार नाहीत. पित्ताशयाचा कर्करोग पश्चिमेत तुलनेने दुर्मीळ आहे. उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, तो लक्षणीय प्रमाणात आढळतो. त्यावर दिल्या जाणाऱ्या औषधांत जेमसिटाबिन प्रमुख आहे. हे औषध काही रुग्णांत काही काळाने निष्प्रभ का होते, याची कारणे अनेक आहेत. पेशीतील डीऑक्सिसायटिडीन कायनेज कमी होणे हे त्यांपैकी बराच अभ्यास झालेले एक कारण. पाटणा, वाराणसी किंवा लखनऊच्या रुग्णाच्या बाबतीत नेमके काय घडते, हे शोधण्याची निकड वाटणारी माणसे बॉस्टनमध्ये थोडी आणि इथे पुष्कळ असणार. त्यांच्या हाती कुपी वेळेवर पडते का, हा म्हणूनच सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो.

शासनयंत्रणेची मोजपट्टी

शासनाला हे दिसत नाही, असे मी म्हणणार नाही. शासनाला मोठ्या गोष्टी दिसतात. मार्च २०२० मध्ये औषधांच्या मूळ घटकद्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना मंजूर झाली, आणि ती आवश्यकच होती. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला, जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटींच्या संशोधन-विकास निधीला मंजुरी मिळाली. आपली मोजपट्टी टन आणि कोटी यांची आहे. मायक्रोग्रॅममध्ये मोजल्या जाणाऱ्या वस्तूसाठी त्या पट्टीवर खूणच नाही. एखादे विकर वर्षाला देशभरात फार तर काही ग्रॅम लागेल. त्यावर उद्योग उभा राहत नाही, रोजगाराचा आकडा निघत नाही, उद्घाटनाची फीत कापता येत नाही. म्हणून ते कोणत्याच योजनेत बसत नाही.

मोजपट्टीत नसलेल्या वस्तूचे काय होते, याचे उदाहरण जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने दिले. प्रयोगशाळेतील रसायनांच्या शीर्षकावरील सीमाशुल्क १० टक्क्यांवरून एकदम १५० टक्के करण्यात आले. हेतू वाईट नव्हता; त्या शीर्षकाखाली भलत्याच मालाची आयात होत होती आणि ती रोखायची होती. पण ही तरतूद लिहिताना प्रयोगशाळा नावाचा एक खराखुरा ग्राहक देशात आहे, याचे स्मरण कोणाला झाले नसावे. शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर, अवघ्या काही दिवसांत, प्रत्यक्ष वापरकर्त्यांसाठी जुना दर परत आणावा लागला. मी त्या यंत्रणेत आयुष्य काढले आहे. अशा चुका द्वेषातून होत नाहीत. चोर पकडण्यासाठी विणलेल्या जाळ्यात पहिल्यांदा सापडतो तो प्रामाणिक माणूस, कारण जाळे चुकवण्याची कला त्याला अवगत नसते.

खरेदीच्या नियमांचेही तसेच. सर्वात कमी दराची निविदा स्वीकारायची, हा नियम खुर्च्या आणि छपाईच्या कागदासाठी ठीक आहे. विकराच्या बाबतीत दोन कुप्यांवर एकच नाव असले, तरी त्यांची क्रियाशीलता भिन्न असू शकते, आणि निम्म्या किमतीची निकामी कुपी ही सर्वांत महाग खरेदी असते. मे २०२० मध्ये २०० कोटींपर्यंतच्या खरेदीसाठी जागतिक निविदा काढण्यावर निर्बंध आले, तेव्हा संशोधन संस्थांची कोंडी वाढली. सुदैवाने जून २०२५ मध्ये केंद्राने वित्तीय नियम सैल केले. वैज्ञानिक संस्थांच्या प्रमुखांना ‘जेम’ संकेतस्थळाबाहेर खरेदीची मुभा मिळाली, दरपत्रकांविना थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली, खरेदी समितीची मर्यादा दहा लाखांवरून २५ लाखांवर गेली, आणि जागतिक निविदेच्या मंजुरीचा अधिकारही संस्थाप्रमुखांकडे आला. हे स्वागतार्ह पाऊल आहे. माझ्या त्या नस्तीतील कुपीला आज कदाचित माझी टिपणी सोसावी लागली नसती.

मात्र खरेदी सोपी करणे म्हणजे परावलंबन अधिक सुकर करणे, एवढेच होऊ नये. २०२०च्या साथीने तो धडा दिला होता. करोनाच्या चाचणीचे तंत्र आपल्या शास्त्रज्ञांना अवगत होते, यंत्रेही अनेक संस्थांत होती. पण चाचणीसाठी लागणारी विकरे, डीएनएचे तुकडे आणि आरएनए वेगळा करण्याचे संच बव्हंशी परदेशातून येत, आणि प्रत्येक देश आधी स्वतःची गरज भागवत होता. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या ‘मायलॅब’च्या संचाला मान्यता मिळाली, पुढे इतरही उत्पादक उभे राहिले, आणि कोंडी फुटली. संकट आले की आपण बनवू शकतो, हे तेव्हा सिद्ध झाले. संकट ओसरले की ती निकड आपण विसरतो, हे त्यानंतर सिद्ध होत आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवे काही वाटणार नाही. पहिल्या महायुद्धात सागरी व्यापार विस्कळीत झाला, तेव्हा हिंदुस्थानला रसायने, रंग आणि औषधे मिळेनाशी झाली. १९१६ मध्ये सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमला गेला. १९१८ च्या त्याच्या अहवालात या परावलंबनाची सविस्तर नोंद आहे. वसाहतीच्या सरकारने त्या अहवालाचे फारसे काही केले नाही, याचे कारण समजू शकते. स्वतंत्र देशाच्या सरकारला ते कारण सांगता येणार नाही.

पिठाची गिरणी

मग करायचे काय? काही शास्त्रज्ञ म्हणतात, की आम्ही विकरे स्वतःच बनवून घेतो. खरे आहे. अनेक चांगल्या प्रयोगशाळांत नव्या शोधछात्राचे पहिले कित्येक महिने लागणारे प्रथिन स्वतः तयार करण्यात जातात. त्यातून शिक्षण होते, हेही मान्य. पण शेजारच्या इमारतीतला छात्र तेच प्रथिन पुन्हा पहिल्यापासून बनवतो, त्याची गुणवत्ता याच्याशी जुळत नाही, आणि छात्र पदवी घेऊन गेला की त्याचे कसबही त्याच्याबरोबर जाते. घरोघरी जाते असावे, हे ठीक. पण गावात एक पिठाची गिरणी असली, की दळण्यात जाणारे हात मोकळे होतात. या देशाला विकरांची अशी सार्वजनिक गिरणी हवी आहे.

तिचे स्वरूप अवाढव्य असण्याची गरज नाही. पहिली पायरी संग्रहाची. चंडीगढ येथे आणि पुण्यात सूक्ष्मजीवांचे राष्ट्रीय संग्रह अनेक वर्षे चालू आहेत. तसाच, संशोधनात वारंवार लागणाऱ्या शंभर-दोनशे मानवी व जिवाणूजन्य प्रथिनांच्या जनुकांचा संग्रह उभारावा आणि कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेला नाममात्र शुल्कात ती जनुके पाठवावीत. अमेरिकेत ‘अ‍ॅडजीन’ ही ना-नफा संस्था २००४ पासून असे काम करीत आहे. या जनुकांचे क्रम सार्वजनिक आहेत. आवश्यक असलेला पैसा एखाद्या मोठ्या उपकरणाच्या किमतीच्या पलीकडे फारसा जाणार नाही.

दुसरी पायरी निर्मितीची. देशातील तीन-चार विद्यमान संस्थांत प्रथिन-निर्मिती कक्ष असावेत. तिथे वर्षभराच्या कंत्राटावर नेमलेले छात्र नकोत. निवृत्तीपर्यंत टिकणारी तंत्रज्ञांची पदे हवीत. कारण विकर शुद्ध करणे हे हातातले कसब आहे आणि ते नस्तीत जतन करता येत नाही. ज्या प्रथिनांना पुरेशी मागणी आहे, ती खासगी नवउद्योगांकडून आगाऊ खरेदीची हमी देऊन बनवून घ्यावीत.

तिसरी पायरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, विश्वासाची. देशी विकर शास्त्रज्ञ घेत नाहीत, याला देशप्रेमाचा अभाव म्हणणे सोपे आहे. पण ज्याची तीन वर्षांची मेहनत एका कुपीवर अवलंबून असते, तो अनोळखी कुपीवर पैज लावत नाही. म्हणून प्रत्येक घाण्याबरोबर, म्हणजे प्रत्येक उत्पादित संचाबरोबर, त्याची शुद्धता, क्रियाशीलता आणि नावाजलेल्या परदेशी विकराशी केलेली तुलना जाहीर व्हावी. निकृष्ट निघालेला संच परत घेतला जावा. गुणवत्ता सिद्ध होईपर्यंत देशी खरेदीची सक्ती मुळीच नसावी. सक्तीने विकलेल्या मालाचा दर्जा सुधारत नाही, हे आपण संरक्षित अर्थव्यवस्थेच्या काळात पुरेसे पाहिले आहे.

चौथी पायरी विमानतळाची. कितीही केले तरी बरीच विकरे बाहेरूनच येणार, आणि त्यात कमीपणा नाही. एकही देश सर्व काही स्वतः बनवत नाही. पण शीतसाखळीतील संशोधन-साहित्य ठरावीक तासांत मुक्त करणे, तोवर ते उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवणे आणि कागदपत्रांची पडताळणी नंतर करणे, एवढे मोठ्या विमानतळांवर करता येण्याजोगे आहे. नोंदणीकृत सार्वजनिक संस्थेने शुल्क बुडवलेच, तर तिचा पत्ता शासनाला ठाऊक असतो. वितळलेली कुपी मात्र पुन्हा गोठवून उपयोग नसतो.

यावर अर्थ मंत्रालयातील माझे जुने सहकारी काय म्हणतील, हे मला ठाऊक आहे, कारण मीच ते अनेकदा म्हटले आहे : अशा प्रत्येक लहान वस्तूसाठी वेगळी व्यवस्था करू लागलो, तर अंत कुठे? त्याला उत्तर असे, की ही एका वस्तूसाठीची व्यवस्था नाही. आज मी कायनेजबद्दल लिहिले. प्रतिपिंडे, पेशींचे वाण, डीएनएचे तुकडे, या साऱ्यांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. संशोधन-विकासावर आपण सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघे ०.६४ टक्के खर्च करतो, ही २०२०-२१ ची आकडेवारी सर्वांच्या तोंडी असते, आणि ती वाढायलाच हवी. पण जो खर्च आपण करतो, त्यातला किती भाग वाट पाहण्यात जातो, याची आकडेवारी कोणी ठेवत नाही. लेखापरीक्षक जादा दराने घेतलेल्या कुपीवर आक्षेप नोंदवतो. न आलेल्या कुपीमुळे वाया गेलेल्या वर्षावर आक्षेप नोंदवण्याचा रकाना त्याच्या नमुन्यात नाही. तो रकाना घालणे हे वित्त विभागाचेच काम आहे.

त्या नस्तीतील शोधछात्राचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. नस्ती बंद झाली की माणसे दृष्टीआड होतात, हा आमच्या व्यवसायाचा दोष आहे. सोफोसबुव्हिरच्या जन्मकथेत मला वारंवार एक क्षण दिसतो. अपयशी ठरलेल्या रेणूसमोर बसलेला कोणी तरी विचारतो, की अडते आहे ते नेमके कोणत्या पायरीवर? त्याच्या हाताशी शुद्ध विकर होते, म्हणून त्याला उत्तर मिळाले. हा प्रश्न विचारू शकणारी माणसे या देशात आहेत. त्यांनी तो विचारला, की उत्तरासाठी त्यांना विमानतळाकडे पाहत बसावे लागू नये, एवढी व्यवस्था करणे शासनाला अशक्य नाही. आपल्या औषधांना जग आपले औषधालय म्हणते, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण औषधालयात बसणारा औषध देतो. औषध कोणते चालेल, हे ठरवणारा दुसरा असतो. ती दुसरी खुर्चीही आपल्याला हवी असेल, तर सुरुवात मिठाच्या कणाएवढ्या प्रथिनापासून करावी लागेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)